खुडूक कोंबडीचं काम

कुणाच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात भिवरा नावाची बाई राहायची.

भिवराला प्रश्न फार पडायचे. मांजर कसंही पडलं तरी पायांवरच कसं उतरतं? पाण्यात धरलेली काठी वाकडी का दिसते? तिची जाऊ तुळसा म्हणायची, "पोट भरलेलं असलं की सुचतं हे असलं." भिवरा हसायची आणि पुढचा प्रश्न विचारायची.

गावातल्या कोंबड्या पांढऱ्याशुभ्र आणि गुबगुबीत होत्या. दूरच्या बाजारातून एक व्यापारी दरवर्षी पाट्या भरभरून पिल्लं आणायचा. ती मोठी झाली की रोजच्या रोज अंडी द्यायची. गाव खूश होतं.

पूर्वी त्याच गावात डोंगरी कोंबड्या असत. लहान चणीच्या, तांबूस-काळ्या, अंगानं सडपातळ. पण थोडी अंडी घालून झाली, की त्या खुडूक व्हायच्या. म्हणजे अंडी घालणं बंद करायच्या, पिसं फुलवून एकाच जागी बसून राहायच्या आणि कुणी जवळ गेलं की कुर्र करून चोच मारायच्या. लोक म्हणत, "दाणे खाते आणि नुसती बसून राहते." मग तिला गार पाण्यात बुडवत, म्हणजे ती तो नाद सोडेल. नाही सोडला, तर तिला चुलीवर चढवत. असं करता करता एके दिवशी गावात एकही डोंगरी कोंबडी उरली नाही. आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एका वर्षी मानमोडीची साथ आली. सकाळी टुणटुणीत दिसणारी कोंबडी संध्याकाळी मान टाकायची. बघता बघता गावातली खुराडी ओस पडली. व्यापाऱ्याचाही निरोप आला, "माझ्याकडेही काही उरलेलं नाही. माझी वाट बघू नका."

गावात अंडं मिळेना. बाळंतिणींना मिळेना, आजाऱ्यांना मिळेना. लोक हळहळले आणि गप्प बसले. भिवराला मात्र नवा प्रश्न पडला. डोंगरावरच्या पाड्यावर अजून कोंबडा आरवतो, तो कसा?

ती उठली आणि डोंगर चढून गेली.

पाड्यावर बुधी नावाची एक म्हातारी राहायची. तिच्या झोपडीभोवती तांबूस-काळ्या कोंबड्या पाचोळा उकरत होत्या. भिवरानं पिल्लं काढायला तिच्याकडे अंडी मागितली.

"ने की बाई," बुधी म्हणाली. "पण बसणार कोण त्यांच्यावर? तू?"

भिवराला आधी हसू आलं, मग ते थांबलं. खरंच, गावात अंड्यावर बसणारं होतं कोण? व्यापाऱ्याच्या कोंबड्या तर कधी बसल्याच नव्हत्या.

बुधी आत गेली. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या टोपलीतून तिनं एक फुगलेली, कुरकुरणारी कोंबडी उचलली आणि भिवराच्या हातात दिली. "ही खुडूक आहे. हिला घेऊन जा. काही द्यायला नको मला. एवढंच कर, हिला उठवू नकोस."

भिवरानं कोंड्याच्या पाटीत ठेवलेली अंडी डोक्यावर घेतली, कोंबडी पदराखाली झाकली आणि घरी आली. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत तिनं एका टोपलीत राख पसरली, वर पेंढा घातला, त्यावर अंडी मांडली. कोंबडी टोपलीत उतरली, अंग हलवून अंडी पोटाखाली घेतली आणि डोळे अर्धे मिटून बसली.

तुळसानं दारातून डोकावलं. "झालं हिचं काम. आता बसेल आळशासारखी."

"खरंच काहीच करत नाही ही?" भिवरा म्हणाली आणि पाट घेऊन समोर बसली.

बसली, ती रोज बसायला लागली. कोंबडी दिवसातून एकदाच उठायची. घाईघाईनं दोन दाणे टिपायची, पाणी प्यायची, मातीत लोळून अंग झाडायची आणि धावत परत यायची. चोचीनं एकेक अंडं उलटायची. कडेची अंडी मध्ये ओढायची, मधली कडेला सारायची. छातीची पिसं तिनं स्वतःच उपटून काढली होती. उघडी, ऊन कातडी अंड्यांना टेकवून ती बसायची. भिवराला वाटलं, ही बसलेली नाहीच. हिचं काम चाललंय.

पण बघून भिवराचं मन भरेना. अंड्याच्या आत काय चाललंय? तिनं कोंबडीखालून एक अंडं काढलं आणि दाराच्या फटीतून येणाऱ्या कवडशात धरलं. आत लाल रेषांचं जाळं होतं आणि मध्ये एक काळा ठिपका. तो ठिपका हलला! दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा अंडं काढलं. तिसऱ्या दिवशी दोन काढली.

मग एका दुपारी कोंबडी दाणे टिपायला उठली आणि परत आलीच नाही. अंगणाच्या टोकाला जाऊन पाठ फिरवून उभी राहिली. भिवरा हात जोडायची तेवढी राहिली. अंडी गार पडू लागली. तिनं आपलं लुगडं चुलीजवळ धरून ऊन केलं आणि अंड्यांवर पांघरलं. ते निवलं की दुसरं.

मानाजी, तिचा नवरा, शेतावरून आला. त्यानं सगळं पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुला बघायचंय, की पिल्लं हवीत?"

भिवरानं ऊन लुगडं अंड्यांवर नीट सारखं केलं. म्हातारीनं एकच गोष्ट सांगितली होती आणि आपण तीच मोडली, हे तिला फार लागलं. तिनं पाट उचलला आणि खोलीबाहेर, उंबऱ्यापलीकडे नेऊन ठेवला. दार अर्धं लोटून घेतलं. दिवस कलताना कोंबडी एकेक पाऊल टाकत आली, टोपलीभोवती फिरली आणि आत चढली. त्यानंतर भिवरानं बघणं सोडलं नाही, पण हात लावणं सोडलं.

चंद्रकोर होती तेव्हा बसलेली कोंबडी पौर्णिमा उलटली तरी उठली नाही. गावात कुजबूज सुरू झाली. शेवटी गावचा कारभारी चार माणसं घेऊन भिवराच्या दारात आला. कारभारी वाईट माणूस नव्हता. त्याची सून बाळंत झाली होती आणि तिच्या अंगात ताकद नव्हती.

"भिवरा," तो म्हणाला, "गावात धडधाकट कोंबडी ही एकच. तीही नुसती बसून आहे. तिला पाण्यात बुडवू. थोड्या दिवसांत अंडी द्यायला लागेल. घराघरांत वाटून घेऊ."

"आणि ती अंडी संपली की?" भिवरानं विचारलं. "पुढची कोंबडी कुठून येणार?"

"ते पुढचं पुढे बघू. आज काय खायला घालायचं ते सांग."

माणसं पुढे झाली. तुळसा अंगणातल्या हौदाकडे बघू लागली. आता शब्दांनी भागणार नाही, हे भिवराला कळलं. हात लावायचा नाही असं ठरवलेलं असूनही ती टोपलीशी वाकली. कोंबडीनं कडकडून चोच मारली, मनगटातून रक्त आलं. तरी तिनं एक अंडं अलगद काढलं आणि कारभाऱ्याच्या कानाशी धरलं.

"काय करतेस हे?"

"ऐका जरा."

कारभारी वैतागून उभा राहिला. मग त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. अंड्यातून टक् असा आवाज आला. पुन्हा टक्. आणि मग, पातळशा भिंतीपलीकडून यावा तसा, चिवचिवाट.

"आत कुणीतरी आहे," तो कुजबुजला.

टोपलीतून कोंबडीनं घशातल्या घशात क्लुक्क केलं. अंड्यातून चिवचिव आली. कोंबडी पुन्हा बोलली. अंडं पुन्हा बोललं.

"मला दे, मला दे बघू," तुळसा पुढे आली. पण भिवरानं अंडं लगेच आईखाली सरकवलं. "आता नको. आता तिचं तिला करू दे."

कुणी हौदाचं नाव काढलं नाही. कारभारी उंबऱ्यापलीकडच्या पाटावर बसला. बाकीचे त्याच्या मागे भुईवर बसले. ऊन उतरेपर्यंत ती मोठी माणसं लहान पोरांसारखी माना उंचावून बसली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कवचं फुटू लागली. ओली, थकलेली पिल्लं बाहेर आली आणि थोड्या वेळात कापसाच्या बोंडांसारखी फुलली. एक अंडं मात्र तसंच राहिलं. ते लुगड्याखाली सगळ्यांत जास्त गार पडलं होतं. भिवरानं ते परसात पुरलं आणि थोडा वेळ तिथेच बसून राहिली.

पिल्लं वाढवणंही कोंबडीनंच केलं. भिवरा वारुळाचा तुकडा आणून फोडायची. कोंबडी वाळवी टिपून दाखवायची, मग पिल्लं टिपायची. घारीची सावली पडली की ती एकच आवाज काढायची, आणि अंगण क्षणात रिकामं व्हायचं. सगळी पिल्लं तिच्या पंखांत. एकदा घार खाली आलीच, तेव्हा एवढीशी कोंबडी तिच्या अंगावर अशी धावून गेली, की घारीनं नखांत आलेलं पिल्लू टाकून दिलं. तुळसा दारात उभी होती. तिच्या हातातली परात खाली पडली. "आणि हिला मी आळशी म्हणत होते गं," ती म्हणाली.

पिल्लांतले नर आरवू लागले, माद्यांच्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, झाल्या आणि अंडी देऊ लागल्या. पहिली अंडी कारभाऱ्याच्या सुनेला गेली, काही तलंगा शेजारणींकडे गेल्या. मग एक तलंग खुडूक झाली, मागून दुसरी. आता कुणी पाणी आणलं नाही. बायका पदरात अंडी घेऊन भिवराच्या दारी येऊ लागल्या. "तुझी बसलीय ना? माझी चार ठेवशील तिच्याखाली?"

पुढे त्या गावात एक रीतच पडली. लेक सासरी निघाली, की तिच्याबरोबर एक डोंगरी कोंबडी द्यायची आणि कानात सांगायचं, "ही बसली की बसू दे." अशानं ती तांबूस-काळी कोंबडी गावागावांत पोचली, आणि साथी आल्या-गेल्या तरी त्या मुलखातलं कोंबड्याचं आरवणं पुन्हा कधी थांबलं नाही.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, ज्याचं काम आपल्याला दिसत नाही, त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्याजवळ थोडं थांबून बघावं.