रूथबाईंचा हात

"म्हातारीला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं, सर? तिच्यावरच तर संशय आहे."

कुलथे मास्तरांनी हातातला पेचकस खाली ठेवला. आयटीआयमध्ये तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्यावर ते संगमनेरात घरगुती उपकरणं दुरुस्त करत. सुदेश धनवटे दोन वर्षांपासून त्यांच्या हाताखाली होता. तो डिप्लोमाला जिल्ह्यात दुसरा आला होता, आणि हे गिऱ्हाइकाने न विचारताही सांगायचा.

"पहिल्यापासून सांग."

सुदेशने सांगितलं. संजीवनी साळवे घरी केक करून विकते. महिनाभर तिच्या ओव्हनमध्ये केक करपताहेत. काल त्याने ओव्हनच्या आतली सेन्सरची सळई मीटर लावून तपासली. सळई तापते तसा मीटरवरचा आकडा वाढतो. ओव्हन गार असताना तो अकराशेच्या जरा खाली हवा, आणि तेवढाच होता. म्हणजे सळई चांगली. म्हणजे ओव्हन चांगला. म्हणजे संजीवनीची पाठ वळली की कोणीतरी बटण फिरवतंय. आणि दिवसा घरात दुसरं आहे कोण? सासू, रूथबाई.

"फिरवताना पाहिलं कोणी?"

"नाही. पण संजीवनीताईंनी बटणावर नेलपॉलिशची रेघ मारून ठेवली होती. रेघ जागची हलली नाही."

"मग?"

"म्हणजे म्हातारी बटण फिरवते आणि पुन्हा जागेवर आणून ठेवते. पोचलेली आहे."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले...

"आणखी एक, सर. केक करपायच्या आधीच ती म्हणते, आज ओव्हन जास्त तापलाय. तिने काही केलं नसेल तर तिला आधी कळतं कसं?"

याला म्हणे पुरावा. संशय एकदा घरात शिरला की हललेली रेघही त्याचीच आणि न हललेलीही त्याचीच.

"हे तू त्या घरात बोललास?"

"मीटरने सांगितलं तेच बोललो."

"मीटरने सासूचं नाव घेतलं?"

मास्तरांनी खणातून तबकडीचा थर्मामीटर घेतला आणि चपला घातल्या.

साळव्यांच्या दाराशी एक भरलेली बॅग होती. सुदेशचा निकाल ऐकून काल संध्याकाळीच ठरलं होतं की रूथबाईंना उद्याच्या सकाळच्या एसटीने श्रीरामपूरला थोरल्या मुलाकडे धाडायचं, कायमचं. म्हातारी बॅगेशेजारी स्टुलावर बसली होती. जिथे पोरं वाढवली ते घर सोडायचं होतं, तेही चोर ठरून. "मी नाही," असं तिने एकदाच म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

संजीवनीही सुखात नव्हती. परवा चर्चमध्ये लग्न होतं, त्याचा केक उद्या भाजायचा होता. हाही करपला तर पुन्हा कोणी विचारणार नाही, असं तिने मास्तरांना सांगितलं आणि सांगताना सासूकडे पाहिलं.

मास्तरांनी ओव्हन एकशे ऐंशीवर लावायला सांगितला. थोड्या वेळाने ओव्हनच्या पट्टीवर आतल्या तापमानाचा आकडा एकशे ऐंशी उमटला. ते रूथबाईंकडे वळले.

"बाई, तापला का हो?"

"त्यांना नका विचारू, सर," संजीवनी म्हणाली.

मास्तरांना ऐकू आलं नसावं.

रूथबाई उठल्या. ओव्हनचं दार उघडून त्यांनी तळहात आतल्या धगीसमोर धरला. ओठ हलत होते. एक, दोन, तीन... आठाला त्यांनी हात मागे घेतला.

"लई तापलाय. केकासाठी पंधरा आकडे हात टिकाया पायजे. आमी हंडीच्या खाली-वर निखारे घालून केक करायचो, तवा असंच बघायचो. ही म्हणती, तुम्हाला आधीच कसं कळतं... हाताला कळतं. त्यात काय?"

सुदेश हसला. मोठ्याने नाही, पण हसला.

मास्तरांनी थर्मामीटर आत टांगला आणि दार लावलं. दहा मिनिटांनी उघडलं. काटा दोनशे चाळीसवर होता. पट्टीवर अजून एकशे ऐंशीच होतं.

"तुमचा थर्मामीटर जुना आहे, सर," सुदेश म्हणाला. "तो चुकत असेल."

"असेल."

त्यांनी संजीवनीला पातेल्यात पाणी उकळायला ठेवायला सांगितलं.

"पाण्यावर तर संशय नाही ना तुझा?"

पाण्याला उकळी फुटली. मास्तरांनी थर्मामीटर त्यात धरला. काटा शंभराला टेकला आणि तिथेच राहिला.

मग त्यांनी ओव्हनचा प्लग काढला. तो निवल्यावर सळई सोडवायला त्यांनी सुदेशलाच सांगितलं. मीटर त्याचा, हातही त्याचेच. सळईचं टोक त्याने उकळत्या पाण्यात बुडवलं. आकडा पावणेचौदाशेच्या आसपास जायला हवा होता. तो सव्वाबाराशेपर्यंत गेला आणि अडखळला. सुदेशने वायरी पुन्हा लावून पाहिल्या. तेवढाच. सळई आतला ताव कमी सांगत होती, आणि ओव्हन बिचारा तिचं ऐकून आणखी तापत होता.

"काल बरोबर होती, सर..."

"काल गार होती."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारे तिथेच उभे. संजीवनी नखाने बटणावरची रेघ खरवडू लागली. तिला रडू येत होतं, आणि रेघ काही निघत नव्हती. रूथबाई पुन्हा बॅगेशेजारी जाऊन बसल्या. त्यांनी बॅगेचा पट्टा हातात धरला होता.

सुदेशला तिथे उभं राहणं जड झालं. त्याने कामाचं बोलायला घेतलं. नवी सळई पुण्याहून यायला चार दिवस लागतील, म्हणाला. केक तर उद्या भाजायचा. तोवर ओव्हन किती तापलाय हे ओळखायचं कशावरून?

मास्तरांनी थर्मामीटर पुसला आणि खिशात टाकला. दाराशी आल्यावर ते बॅगेपाशी थांबले.

"घरात एक सळई चालू आहे," ते म्हणाले. "पण तिला तुम्ही उद्या सकाळच्या एसटीत बसवताय."