दोन झग्यांचे फादर

वसईकडे एक गाव होतं आणि त्या गावाला फादर बेंतू नावाचे धर्मगुरू लाभले होते. माणूस सोन्यासारखा, पण कुणाला नाही म्हणणं त्यांना कधी जमायचं नाही.

गावचा संत हुतात्मा, आणि हुतात्म्याचा रंग रक्ताचा, तांबडा. म्हणून त्याच्या सणाला फादरांनी तांबडा झगा पांघरून मिरवणुकीपुढे चालायचं, असा रिवाज. त्या वर्षी वरच्या आळीच्या नातालबायने खपून जरीचा झगा शिवला. "सणाला हाच घालायचा हं, फादर."

"घालतो की," फादर म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात खालच्या आळीची इजाबेलबाय तांबडा झगाच घेऊन आली. त्यावर जरीचीच कबुतरं भरलेली. फादर तिलाही म्हणाले, "घालतो की."

आता आली का पंचाईत? संताची मूर्ती दोन्ही आळ्या मिळून खांद्यावर घ्यायच्या. एक आळी रुसली की संत चर्चमध्येच बसणार.

सणाच्या दिवशी फादरांनी शक्कल लढवली. नातालबायच्या झग्यावर इजाबेलबायचा झगा चढवला. मे महिन्याचा उकाडा, बाहेर बँड वाजतोय आणि फादर घामाने निथळताहेत. मूर्ती उचलण्याआधी आशीर्वाद द्यायला गेले, तर जरीत जर अडकलेली. हात काही वर जाईना. पोरं खुदखुदली.

नातालबाय पुढे आली. "माझा आत लपवलात होय?" तिच्या आळीच्या खांदेकऱ्यांनी मूर्तीच्या पालखीचा दांडा सोडून दिला.

थंडी वाजत होती म्हणून दोन घातले, असं सांगावं असं फादरांच्या अगदी ओठांवर आलं. पण त्यांनी ते गिळलं. दोन्ही झगे उतरवले आणि साध्या पांढऱ्या झग्यात उभे राहिले.

"मी दोघींनाही हो म्हणालो. तुम्ही रागवाल म्हणून घाबरलो. चूक माझी आहे."

मग इजाबेलबायला हसू फुटलं. "अहो फादर, एवढंच ना? जाताना तिचा घाला, येताना माझा."

"आणि पुढच्या वर्षी उलट," नातालबाय म्हणाली. तिने आपल्या हातांनी फादरांच्या खांद्यांवर झगा ठेवला.

ज्या प्रश्नाने फादरांची झोप उडवली होती, तो दोघींनी उभ्या उभ्या सोडवला. दोन्ही आळ्यांनी संत उचलला, मिरवणूक निघाली आणि त्या दिवशी फादर बेंतू बँडपेक्षा मोठ्याने गायले.

तात्पर्य: सगळ्यांची मर्जी राखायला दिलेला खोटा होकार सगळ्यांनाच दुखावतो, पण चूक सरळ कबूल केली, तर माणसं आपणहून वाट काढून देतात.