विरूपाक्षाचं मौन

“आणि महिनाभरात एकदाही तोंड उघडावंसं वाटलं नाही?” मठाच्या ओसरीवर शेंगा फोडता फोडता अप्पांनी विचारलं.

विरूपाक्ष त्यांचा लाडका शिष्य. श्रावणभराचं त्याचं मौन कालच सुटलं होतं, आणि सुटल्यापासून तो मौनाबद्दलच बोलत होता.

“एकदाच, अप्पा. माझ्या खोलीला लागून मल्लिनाथचं घर. भर दुपारी तो बायकोला मारत होता. कलावती धावत माझ्या दाराशी आली. ‘महाराज, कुणाला तरी हाक मारा,’ म्हणाली.”

“मग?”

“मी डोळे मिटून घेतले. व्रत मोडू दिलं नाही.”

अप्पांचा हात थांबला.

“घरातलं भांडण ते,” विरूपाक्ष घाईनं म्हणाला. “नवराबायकोत चालायचंच की.”

“भांडणात दोघं भांडतात. तुला काय ऐकू येत होतं?”

“त्याचं ओरडणं... आणि तिचं रडणं.”

“त्याआधी कधी?”

“...बऱ्याचदा. दुसऱ्या दिवशी ती म्हणायची, पाय घसरून पडले. आम्ही सगळे बरं म्हणायचो.”

अप्पांनी त्याच्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं. मग म्हणाले, “शाल नवी दिसते.”

“मल्लिनाथनं पांघरली. म्हणाला, साधू शेजारी असावा तर असा...”

बोलून गेला, आणि त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं शाल काढली, पण ठेवावी कुठे ते कळेना. तसाच ती मुठीत धरून बसला.

“ती आता कुठाय, अप्पा?”

“बचतगटाच्या सुगलाबाईंनी आपल्या घरी नेलीय. तालुक्याहून संरक्षण अधिकारी बाई आल्यात, तिची तक्रार लिहून घेताहेत. मल्लिनाथ सांगतो, ती पडली. गल्लीत विचारलं, तर कुणीच काही ऐकलं नाही म्हणे.”

“...मी ऐकलंय.”

अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले, पायरी उतरले, आणि शिष्याच्या चपला उचलून त्याच्यापुढे सरळ मांडल्या.

“अप्पा! हे काय करताय!”

“बाई पाचच्या एसटीनं परत जाणारेत.”

विरूपाक्षानं खाली मान घालून चपला घातल्या. फाटकापर्यंत गेला आणि तिथंच थबकला.

“साक्ष देतो, अप्पा. सगळं सांगतो. पण ती... माझ्याकडे बघून एक शब्दही बोलली नाही तर?”

“तर त्या मौनाला नमस्कार कर.”