तोफेचं तोंड

मैत्री असावी तर चंदनगड आणि सोनखिंडीच्या राजांसारखी, असं दोन्ही दरबार सांगत. चंदनगडच्या रेवतीने राजाच्या मामाविरुद्ध खुनाची साक्ष दिली, आणि शिपाई दाराशी यायच्या आत तान्ह्या लेकीला घेऊन तिने सोनखिंडीचं सरहद्दीवरचं ठाणं गाठलं.

"आश्रय?" ठाणेदार हंबीरराव मिशीत हसले. "अहो बाई, चंदनगड आमचं मित्रराज्य! तिथे कसली भीती? भीती नाही तर आश्रय नाही, कायदाच आहे. चला, फिरा मागे."

लेक रडू लागली. चोख उत्तर रेवतीला नेहमी घरी पोचल्यावर सुचायचं. आज तर पोचायला घरच नव्हतं. लेकीला थोपटत ती अंगणात येरझारा घालू लागली, तोच तिची नजर बुरुजावर गेली.

"रावसाहेब, त्या तोफेचं तोंड कुणीकडे आहे हो?"

"चंदनगडाकडे. सावध असलेलं बरं."

"शंभर शिपाई पाठीशी असून तुम्ही सावध, आणि मी एकटीने निर्धास्त जावं? तोफ तेवढी उलटी फिरवा, ही मी निघाले परत."

शिपायांनी हसू दाबत माना खाली घातल्या. हंबीररावांनी एकदा तोफेकडे पाहिलं. मग त्यांनी दौत पुढे ओढली.

"नाव सांगा, बाई. लेकीचंही."