तंबोऱ्यातलं पाचवं बिऱ्हाड

तंबोऱ्याच्या चारही तारा गप्पा मारायच्या, तेव्हाची ही गोष्ट. भिंतीवरच्या पालीने गवईबुवांचं बोलणं अर्धंच ऐकलं, “तंबोऱ्यात पाचवा सूर येतो, आणि खर्जाची तार...” तेवढ्यात दार लागलं.

पाल धावत खर्जाच्या जाड तारेकडे गेली. “आक्का, पाचवा येतोय. तुमची जागा जाणार बहुतेक.”

आक्का रुसून सैल पडल्या.

“निघताना तरी एकदा आमच्यासोबत नीट वाजा की,” पंचमाची तार, पंचमताई, म्हणाली.

आक्का ताठ झाल्या. चौघी जुळल्या, आणि कुणीच न छेडलेला पाचवा सूर, गंधार, आक्कांच्याच पोटातून खिदळत बाहेर आला. चौघी हसून हसून झणझणल्या.

“पाचवा आहे, एवढं खरं,” पाल चाचरली. “पण त्याचं बिऱ्हाड आक्कांकडेच आहे. आक्का गेल्या तर तोही जाईल.”