उतारावरची कटकट

“...पण आवाज कसला येतो, ते तू अजून सांगितलं नाहीस.”

“सांगितलं की, वस्ताद. इंजिनातला कनेक्टिंग रॉड.”

“ते कारण झालं. मी आवाज विचारला.”

ईरगोंडा समोर उभ्या मोटारसायकलकडं बघू लागला.

रमजान वस्ताद आपल्या गॅरेजबाहेरच्या बाकावर चहा फुंकत बसले होते. गडहिंग्लज भागातले निम्मे मेकॅनिक त्यांच्या हाताखालून गेलेले. ईरगोंडा त्यांतलाच. आता आजऱ्यात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. गाडी दारात उभी राहायच्या आत तो तिचं दुखणं सांगतो, असं लोक म्हणत. लोकांपेक्षा तो स्वतःच जास्त वेळा म्हणे.

आज मात्र त्याचा चेहरा उतरला होता.

त्यानं वस्तादांकडं आणलेली मोटारसायकल मालनताईंची. त्या नर्स. घाटाखालच्या वाड्यांवर बाळंतिणी तपासायला एकट्या जात. चालत्या गाडीत मध्येच काहीतरी वाजे. ईरगोंडानं इंजिन उघडलं, पिस्टन बदलला. पुन्हा उघडलं, टायमिंग चेन बदलली. दोन्ही वेळा छातीठोक सांगितलं, “आता बिनघोर जावा.”

काल त्या परत आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “भाऊ, मला घाटात भीती वाटते.”

त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

“कट्... कट्... असं वाजतंय,” तो म्हणाला. “आता बघा वस्ताद, उभ्या गाडीत वाजत नाही. रस्त्यावर इंजिनावर ओझं पडलं की वाजतं. म्हणजे रॉडच. रॉड नसंल तर क्लच. क्लचबी नसंल, तर मग...”

“चल,” वस्ताद म्हणाले. कप खाली ठेवून ते मागच्या सीटवर बसले.

ईरगोंडानं किक मारली. गाव मागं पडलं, खिंडीचा चढ लागला, पण त्याचं बोलणं थांबलं नव्हतं. ऑइल पंप असा असतो, व्हॉल्व्ह तसा वाजतो, मागं एका गाडीत त्यानं काय शोधून काढलं होतं... वस्ताद मागून नुसते रस्त्याकडं बघत होते.

खिंड ओलांडली. समोर लांबलचक उतार.

त्याच्या काखेखालून एक सुरकुतलेला हात पुढं आला.

चावी फिरली.

“वस्ताद! काय करताय?”

“क्लच दाबून धर. पाय ब्रेकवर ठेव.”

इंजिन मेलं. गाडी आपल्या वजनानं उतारावरून घरंगळू लागली. टायरची सरसर. कानाशी वारा.

...

कट्.

...

कट्... कट्.

इंजिन तर बंद होतं. त्यानं हलकेच ब्रेक दाबला. आवाज मंदावला. ब्रेक सोडला, तसा आवाज भरभर येऊ लागला. त्यानं पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. घड्याळ कानाला लावून ऐकावं तसा तो मान वाकवून ऐकत राहिला. बोलायचं त्याला सुचलंच नाही.

उताराच्या पायथ्याशी त्यानं गाडी स्टँडवर घेतली. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं.

चाक डुगडुगलं.

“बेअरिंग...” तो पुटपुटला. “बेअरिंग फुटलंय, वस्ताद. मागच्या चाकाचं.”

हे चाक घाटात, एखाद्या वळणावर अडकलं असतं तर? तो रस्त्याच्या कडेला बसला. बिनघोर जावा, म्हणाला होता तो. तेही दोन वेळा.

वस्ताद शेजारच्या जाळीतली करवंदं तोडत होते.

ईरगोंडानं वर बघत विचारलं, “तुम्हाला बाकावर बसल्या बसल्याच कळलं होतं न्हवं?”

“नाही.”

“मग गाडीवर बसल्यावर कळलं?”

“नाही.”

“मग चावी कशापायी बंद केली?”

वस्तादांनी ओंजळभर करवंदं त्याच्यापुढं धरली.

“तुझ्या तोंडाची सापडंना, म्हणून.”