पंगतीतून उठलेला राजा

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. कुमुदिनी त्याची राणी, चंपावती त्याची एकुलती लेक. घरात सोन्याची ताटं होती, पण तिघांनी शेजारी बसून कधी घास खाल्ला नव्हता.

त्याचं झालं असं. चंपावतीच्या बारशाला हजार पानं मांडली होती. राजाचं पोट भरलं, तो उठला. राजा उठला म्हणून सगळी पंगत उठली. एक म्हातारा पाहुणा तेवढा अर्ध्या पानावर राहिला. तो निघाला मांत्रिक. म्हणाला, "शेवटचा माणूस जेवतोय आणि यजमान उठतो? तुझ्या वाड्यात दोन पानं शेजारी मांडली, की अन्नाची माती होईल." आणि झाली.

तेव्हापासून राजा एका दालनात जेवे, राणी दुसऱ्यात, लेक तिसऱ्यात. सोयरेमित्र यायचे बंद झाले. लेक मोठी झाली. लग्न सासरच्या गावी लागलं, तिथे निभावलं. पण आता पहिला दिवाळसण आला. राणी म्हणाली, "पाडव्याला जावई येणार. त्यांच्या पानात माती वाढू? मग पोरीला पुन्हा माहेरी कोण पाठवेल?"

खिडकीतली साळुंकी बोलली, "राजा, डोंगरापलीकडे जा. तीन पंगती जेव. शेवटचा उठल्याशिवाय उठू नकोस."

राजा गेला. पहिली पंगत राक्षसाची. राक्षसाने नव्वद हंडे भात खाल्ला. राजाचा हात वाळला, पाय बधिर झाले, पण तो उठला नाही.

दुसरी पंगत लाख मुंग्यांची, मध्ये एक करंजी. तीन दिवस झाले. मुंग्यांची राणी म्हणाली, "कंटाळलास का रे?"

"छे, छे. सावकाश होऊ द्या."

तिसरी पंगत त्याच मांत्रिकाची. दिवस पाडव्याचा, ऊन डोक्यावर आलेलं. म्हातारा चकलीचा तुकडा तोंडात घोळवतोय, घोळवतोय, तुकडा काही संपत नाही.

"जावई दारात आला असेल," मांत्रिक म्हणाला. "ऊठ की. राजाला कोण अडवणार?"

राजाचा गुडघा उचलला गेला. तेवढ्यात त्याने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाबा, तुम्हाला दात नाहीत."

"बारशालाही नव्हते. तू पाहिलंस कुठे?"

राजाची मान खाली गेली. बसल्या जागी त्याने तांब्यातल्या पाण्याने हात धुतला, चकल्या कुस्करल्या, दह्यात कालवल्या, मऊ झाल्यावर वाटी पुढे केली. म्हाताऱ्याने बोटं चाटून खाल्लं, ढेकर दिली आणि तो आपण होऊन उठला. "जा, घरी पानं मांडायला सांग." त्याने टाळी वाजवली. राजा आपल्या वाड्याच्या दारात उभा.

"पानं मांडा," राजा म्हणाला, "शेजारी शेजारी."

राणीने स्वतः भात वाढला. जावयाने पहिला घास घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"भाताला वास छान आहे," जावई म्हणाला.

मग कुठे बाकीच्यांचे हात पानाला लागले. चंपावती आईकडे टक लावून बघत होती.

"आई, तू कोशिंबीर आधी संपवतेस होय?"

"आणि तू वांगं बाजूला काढतेस! मला कधी कळलंच नाही गं."

राजा हसला, राणी हसली, जावयाला ठसका लागला. पंगत दिवेलागणीपर्यंत चालली, आणि पुढच्या सणाला सोयरेमित्रांसाठी वाड्यात पाट पुरले नाहीत. त्या घराला जसं भरलेलं सुख लाभलं, तसं तुम्हां-आम्हांलाही लाभो.